आधी माप, मग कानस

घरामागे ताडपत्रीखाली पडून असलेली काकांची जुनी आरएक्स १०० पोरानं बाहेर ओढली आणि ‘हिला रेसला तयार करतो’ असं जाहीर केलं, की घरात दोन प्रश्न उठतात. आईचा प्रश्न : हा धडधाकट परत येणार ना? बाबांचा प्रश्न : पैसे किती जाणार?

प्रश्न वेगळे वाटतात, पण टू-स्ट्रोक इंजिनापुरतं दोन्हींचं उत्तर एकच आहे. जे इंजिन मापात बसवलेलं असतं ते कमी पैशात टिकतं, आणि भर वेगात दगा न देणारं इंजिनही तेच. म्हणून या वेळचा लेख पोरासाठी जितका, तितकाच आई-बाबांसाठीही. आणि गाडी बाहेर ओढणारे तुम्ही स्वतःच असाल, पोरगी असा किंवा पन्नाशीतले काका, तरी हिशेब तोच.

उदाहरणासाठी आरएक्स १०० च घेऊ, कारण भारतात कुठेही राहत असलात तरी तिची माहिती असलेला एखादा मेस्त्री सापडतोच. एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांनी १९८५ मध्ये ती आपल्याकडे आणली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन ९८ सीसीचं, बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी. ताकद सुमारे ११ अश्वशक्ती आणि गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. आज हे आकडे किरकोळ वाटतात, पण एवढ्या हलक्या गाडीला ते भरपूर होते.

एक सूचना आत्ताच करतो. तुमच्याकडची गाडी मूळ रंगात, मूळ भागांसह शाबूत असेल, तर तिला हात लावू नका. अशा गाड्यांना आता शौकीन चांगली किंमत मोजतात. रेससाठी वेगळा ब्लॉक, वेगळं हेड आणि वेगळा सायलेन्सर शोधा. मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. नोंदणीपेक्षा वेगळे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९. रेसचं इंजिन बसवलेली गाडी ट्रॅकपर्यंत टेम्पोनेच जाते. अधिकृत स्पर्धेसाठी एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचा परवाना लागतो आणि अठरा वर्षांखालच्या स्पर्धकाला पालकांची संमती. सर्किटवरच्या राष्ट्रीय स्पर्धेत आता फोर-स्ट्रोकचं राज्य आहे. टू-स्ट्रोकवाल्यांचा जीव ड्रॅग आणि डर्ट ट्रॅकमध्ये जास्त रमतो. ज्या स्पर्धेत उतरायचं तिची नियमावली पाना उचलण्याआधी वाचा. कोणत्या वर्गात काय बदलू देतात यावरच पुढचा सगळा खर्च ठरतो.

पिस्टनच सगळं करतो

टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वर-खाली होणारा पिस्टनच त्या उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं. तो खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वरच्या भागात जातं आणि जळलेला धूर एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडतो. क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट.

म्हणजे क्रँककेस हा नुसता डबा नाही, तो पंप आहे. पंपाला भोक असेल तर तो काय काम करणार? बहुतेक नवशिके वरचं फाइलिंग आणि आवाजाच्या सायलेन्सरमागे लागतात. पैसे आधी जायला हवेत ते खाली, क्रँक आणि सील यांच्यावर.

इंजिन उघडलं की कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून पाहा. बाजूला थोडं हललं तर चालतं. वर-खाली अजिबात हलता कामा नये. हललं तर रॉड किट बदला. या इंजिनाचा क्रँक दाबून जोडलेला असतो, त्यामुळे तो प्रेसवरच सुटतो आणि प्रेसवरच बसतो. बसवल्यावर तो सरळ आहे का हे डायल गेज लावून बघावं लागतं. जाणता कारागीर तांब्याच्या हातोडीचे मोजके ठोके देत फरक दोन-तीन शतांश मिलीमीटरवर आणतो. डायल गेज न काढता ‘बसला बरोबर’ म्हणणाऱ्याकडे क्रँक देऊ नका, मग तो कितीही स्वस्तात करून देवो. नऊ हजार आरपीएमला हा क्रँक सेकंदाला दीडशे वेळा फिरणार आहे.

बेअरिंग आणि दोन्ही ऑइल सील नवीनच टाका. सील म्हणजे रबराची साधी चकती, पण सगळ्या दुखण्यांचं मूळ तिथं असू शकतं. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापून पकडतो. क्लचच्या बाजूचं गेलं, तर गिअरबॉक्सचं ऑइल आत खेचलं जातं, पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी आपोआप उतरत जाते.

गळती शोधायचं एक यंत्र बऱ्याच घरांत असतं : रक्तदाब मोजायचं, रबरी फुग्याचं जुनं काट्याचं मशीन. त्याची पट्टी ३०० पर्यंत असते आणि पाऱ्याचे ३०० मिमी म्हणजे सुमारे ०.४ बार. टू-स्ट्रोकच्या तपासणीला नेमका एवढाच दाब लागतो. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे वरचा आणि खालचा भाग एक होतो. एक्झॉस्ट आणि इनटेक रबर व पत्र्याने बंद करा. जुन्या प्लगचा चिनी मातीचा भाग काढून त्यात नळी बसवा, तो प्लगच्या जागी आवळा आणि फुगा दाबा. काटा ३०० वर नेऊन पाच-सहा मिनिटं थांबा. तो जवळपास जागीच राहायला हवा. उतरत असेल तर साबणाचं पाणी लावत जा, बुडबुडे जागा दाखवतील. हे मशीन नंतर आजोबांसाठी वापरू नका, एवढं मात्र पाळा.

मला विचाराल तर अख्ख्या कामातली सर्वांत मोलाची पाच मिनिटं हीच. खर्च जवळपास शून्य आणि वाचतं ते अख्खं पिस्टन किट.

बोअरचं काम

ब्लॉकला खाचा पडल्या असतील तर रीबोअर करावं लागतं. पिस्टन पाव-पाव मिलीमीटरच्या टप्प्यांनी मोठे मिळतात. ५० चा बोअर ५१ झाला की इंजिन ९८ वरून १०२ सीसीवर जातं. म्हणून नियमावलीत रीबोअरला किती सूट आहे ते आधी बघा.

क्रम महत्त्वाचा आहे. पिस्टन आधी घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करायला सांगा. ‘अर्धा मिलीमीटर मोठं करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो’ हा व्यवहार करू नका. पिस्टन आणि भिंत यांच्यात साधारण चार-पाच शतांश मिलीमीटर अंतर असतं, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. नेमका आकडा पिस्टन बनवणाऱ्या कंपनीचाच पाळा. अंतर कमी पडलं तर गरम झाल्यावर पिस्टन पकडतो, जास्त झालं तर तो खडखडतो आणि ताकद गळते. शेवटी होनिंग झालेलं असावं, भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी दिसली पाहिजे. ऑइल त्या जाळीतच धरून राहतं.

रीबोअरनंतर पोर्टच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने हलक्या गोल करायच्या असतात. पुष्कळ ठिकाणी हे राहून जातं. मग नवी रिंग त्या धारेत अडकते आणि पहिल्याच दिवशी तुटते. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसतीच बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधलं अंतर फीलर गेजने बघा. पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगची टोकं तिच्यावरच यायला हवीत. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. सर्कलिप दर वेळी नवीन. जुनी सर्कलिप वाचवून जे पैसे राहतात त्यात चहाही येत नाही, आणि ती सुटली तर ब्लॉक जातो.

कानस कुठे आणि किती

आता ज्यासाठी सगळे उतावीळ असतात ते पोर्टिंग. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड थोडी वर सरकवली की पोर्ट लवकर उघडतो, उशिरा बंद होतो आणि ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते. रस्त्याच्या इंजिनात एक्झॉस्ट साधारण १६० ते १७५ अंश उघडा असतो, रेसच्या इंजिनात १९० च्या आसपास.

५० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात तिथे एक मिलीमीटर घासलं की उघडं राहण्याचा काळ साडेचार ते पाच अंशांनी वाढतो. म्हणजे सगळा खेळ दोन-तीन-चार मिलीमीटरचा आहे. घासलेलं लोखंड परत लावता येत नाही. आरपीएम वर गेले की खालची ओढ जाते आणि वळणातून गाडी बाहेर काढताना इंजिन झोपतं. नवशिक्या रायडरला शिखरावरच्या एका अश्वशक्तीपेक्षा मधल्या आरपीएमची ओढ जास्त वेगाने नेते. म्हणून माझं म्हणणं, पहिल्या मोसमात पोर्टची उंची बदलूच नका. फक्त ब्लॉक आणि क्रँककेस जिथे जुळतात तिथल्या ट्रान्सफरच्या पायऱ्या आणि पॅकिंगचा आत आलेला भाग सारखा करा.

तरीही उंची बदलायचीच असेल तर आधी मोजा. मॅग्नेटोच्या टोकाला कोनमापकाची पूर्ण ३६० अंशांची चकती बसवा, तारेचा काटा करा, पिस्टन वरच्या टोकाला असताना शून्य लावा आणि पोर्ट कुठल्या अंशावर उघडतो, कुठे बंद होतो ते वहीत लिहा. पोर्टची रुंदी वाढवताना तर आणखी जपून. जास्त रुंद झाला की रिंग फुगून त्या खिडकीत डोकावते आणि मोडते. वरची कड सरळ नको, कमानीसारखी हवी.

एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सर यांची जोडी असते. टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट ही नुसती धूर सोडायची नळी नाही, हे ज्यांनी सिद्ध केलं त्यांत पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातले अभियंते वॉल्टर काडेन यांचं नाव पहिलं. पोर्ट उघडताच दाबाची लाट पाइपात धावते. पाइप रुंद होत जातो तिथून उलट ओढ परत येते आणि धूर बाहेर खेचते. पुढे पाइप अरुंद होतो तिथे लाट आपटून मागे फिरते आणि बाहेर सांडू लागलेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. काडेन यांनी १९६१ पर्यंत १२५ सीसीमधून २५ अश्वशक्ती काढली होती. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ चं ५० सीसीचं जगज्जेतेपद त्याने सुझुकीला जिंकून दिलं. ज्ञान असं सीमा ओलांडून जपानला पोचलं. काडेन मात्र एमझेडमध्येच राहिले.

या पाइपाची लांबी अंदाजाने ठरत नाही, आणि हिशेब शाळेतलाच आहे. एक्झॉस्ट १९० अंश उघडा आणि ताकद ९,००० आरपीएमला हवी, तर पोर्ट उघडा राहतो सुमारे ३.५ मिलिसेकंद. गरम धुरात लाट सेकंदाला सुमारे ५१८ मीटर धावते असं धरलं, तर एवढ्या वेळात ती १.८२ मीटर जाऊन-येऊन करते. म्हणजे पोर्टपासून परतवणाऱ्या शंकूपर्यंत साधारण ९१ सेंमी. तीच ताकद १०,००० ला हवी तर ८२ सेंमी. कुणी ‘रेसिंग सायलेन्सर’ म्हणून नळी विकत असेल तर एवढंच विचारा, ही किती आरपीएमसाठी आणि किती अंशांसाठी केली आहे? उत्तर नसेल तर तुम्हाला फक्त आवाज विकला जातोय.

हेड, जेट आणि चेन्नईची हवा

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवता येतं, पण पंपावरच्या पेट्रोलवर मर्यादेत. हेडची पोकळी इंजेक्शनच्या सिरिंजने तेल भरून मोजा. ९८ सीसीला ९ सीसी पोकळी असेल तर गुणोत्तर १०७ भागिले ९, म्हणजे जवळपास १२. दुसरं माप पिस्टनची कड आणि हेड यांच्यातल्या फटीचं. सोल्डरिंगची तार प्लगच्या भोकातून भिंतीपर्यंत घालून क्रँक हाताने फिरवा आणि चेपलेली तार मोजा. लहान इंजिनाला ०.८ ते १ मिमी ठीक. पिस्टन डुलतो, म्हणून तार गजन पिनच्या रेषेत धरा.

आता कार्बोरेटर, जिथे सर्वाधिक पिस्टन मरतात. पेट्रोल कमी पडलेलं इंजिन जोरात पळतं, छान वाटतं आणि मग पकडतं. म्हणून मोठ्या मेन जेटपासून सुरू करून एकेक टप्पा खाली या, उलट कधीच नको. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या काळातला जेटचा आकडा आज लहान पडू शकतो. इथेनॉल पाणी शोषतं, तेव्हा रेसचं मिश्रण त्याच दिवशी बनवा. टू-टी ऑइल लिटरला ४० मिली टाकलं तर प्रमाण २५ ला १. ‘सुरक्षित राहू दे’ म्हणून ऑइल दुप्पट करू नका. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल घटतं आणि उलटाच परिणाम होतो.

गावाची उंचीही बघावी लागते. पुणे आणि इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, बंगळुरू नऊशेवर. उंची शंभर मीटर वाढली की हवा सुमारे एक टक्का विरळ होते. बंगळुरूत नीट जुळवलेली गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली, की तिथे हवा जास्त घट्ट, पण जेट तोच. तिथल्या उकाड्याने थोडी भरपाई होते, पुरती नाही. तेव्हा डबीत दोन-तीन मोठे जेट ठेवूनच निघा.

हा मुद्दा पैशांइतकाच हाडांचा आहे. पिस्टन पकडला की मागचं चाक जागीच जाम होतं. म्हणून टू-स्ट्रोकवर डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी थ्रॉटल एकदम बंद केला तर धोका सर्वांत जास्त, कारण इंजिन जोरात फिरतंय आणि पेट्रोलमधून येणारं ऑइल मात्र थांबलंय. तिथे क्लच दाबून हलका थ्रॉटल देण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. बाबांच्या बजेटात पहिली ओळ हेल्मेट, लेदर सूट, हातमोजे, बूट आणि पाठीचं कवच यांची. मग क्रँक, सील आणि पिस्टन. त्यानंतर जेट, मग पाइप. पोर्टिंग शेवटी, पैसे उरले तर.

इंजिन जोडताना हेडचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. सुरू करून हाताला चटका बसेल इतकंच तापू द्या, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. असं तीनदा करून गार इंजिनावर नट पुन्हा तपासा. मग ट्रॅकवर पहिल्या काही फेऱ्या अर्ध्या थ्रॉटलवर.

त्यानंतर नवा प्लग लावा, सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटलने पळवा आणि थ्रॉटल न सोडता क्लच दाबून इंजिन बंद करा. मागे कुणी नाही याची खात्री करून कडेला या आणि प्लग काढा. दुधाच्या चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा, ओला असेल तर जेट एक टप्पा लहान. पांढरा असेल, किंवा त्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसत असतील, तर त्या दिवशी आणखी एकही फेरी नको. मोठा जेट लावा, हेड उघडून पिस्टनची कड बघा आणि तारीख, तापमान, जेटचा आकडा, प्लगचा रंग वहीत लिहा. पुढच्या वेळी त्या ट्रॅकवर गेलात की सुरुवात त्या पानापासून करा.